शेजारच्या खोलीत बाबा आणि माझा ॲम्प

मी कलाकार वगैरे नाही. बडोद्यात राहतो, दिवसभर हिशेब तपासतो आणि रात्री साडेनऊनंतर गिटार काढतो. त्यामुळे स्टेजवरच्या ॲम्पबद्दल मी काही सांगणार नाही. घरातल्या ॲम्पबद्दल सांगतो.

पहिला घेतला तो ४० वॅटचा, १२ इंची स्पीकरवाला. दुकानात आणखी दोघं वाजवत होते, त्या गोंगाटात तो झकास वाटला. घरी आल्यावर कळलं, की व्हॉल्यूमचं बटण शून्य आणि एकच्या मधेच कुठेतरी धरून ठेवायचंय. केसभर फिरलं की धाडकन आवाज! आणि शेजारच्या खोलीत बाबा. त्यांना नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

मग वाटलं, २० वॅटचा घेऊ. पण ते गणित तसं नाही. वॅट निम्मे केले तर आवाज ३ डेसिबलनेच उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावा लागतो, म्हणजे वॅट एक दशांशावर आणावे लागतात. ट्यूबचा ५ वॅटचा ॲम्पसुद्धा फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना दारात आणतो. शिवाय त्याचा तो गोडवा बराचसा जोरात वाजवल्यावरच येतो.

मी हेडफोन लावले. प्रश्न सुटला असं वाटलं. दोनेक महिन्यांनी आई म्हणाली, "अरे, बाबा विचारतायत." बाबांनी चांगल्या हाताने तारा छेडल्याची खूण केली, मग हात हलवून 'नाही?' असं विचारलं. त्यांना वाटलं होतं, त्यांच्यामुळे मी वाजवणं सोडलं.

तो मोठा ॲम्प विकला. गेन आणि मास्टर व्हॉल्यूम वेगवेगळे असलेला, हळू वाजवला तरी सूर भरीव राहणारा असा छोटा शोधला. बॉसच्या कटाना ५० मध्ये अर्ध्या वॅटवर चालवायची सोय आहे. रोलंडचा मायक्रो क्यूब २ वॅटचा, ५ इंची स्पीकरचा, पेन्सिल सेलवरही चालतो. मी हाच घेतला, जुना. दुकानात आवाज अगदी बारीक करून वाजवून पाहिला. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

जमिनीवर ठेवू नका. स्लॅबमधून घुमारा खालच्या घरात जातो, आणि वरचे सूर तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानाला नाही. मी स्टुलावर घडी केलेली सतरंजी टाकून ठेवतो, तोंड थोडं वर करून.

गुणगुण येत असेल तर ॲम्पला लगेच दोष देऊ नका. तारांना हात लावल्यावर ती कमी होते, बरेचदा ती गिटारच्या पिकअपमधून आलेली असते. ट्यूबलाइटपासून, चार्जरपासून जरा वळून बसून बघा. आणि तीन पिनच्या ॲम्पची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल. आमच्या जुन्या इमारतीत सॉकेट तीन पिनचं होतं, पण आत अर्थिंगची वायरच नव्हती. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आता मी दार उघडं ठेवतो. परवा एफच्या बार कॉर्डवर तीनदा अडखळलो आणि गिटार खाली ठेवली. आतून बाबांचा जड आवाज आला, "पु...न्हा."