सरदारगृह

आगबोटींच्या काळांत हर्णे बंदरावर आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्याकडे जात. सुवर्णदुर्ग मागें पडला कीं दापोली तालुक्यांतील माणसाला मुंबईचे वेध लागत. तेथें घर नसलेल्यास आप्ताची खोली, खाणावळ किंवा उतारूगृह यांपैकीं कांहींतरी गांठावें लागे.

याच तालुक्यांतील चिखलगांव हें लोकमान्य टिळकांच्या घराण्याचें मूळ गांव. टिळक २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस जन्मले आणि त्यांचा संसार पुण्यास झाला. पण त्यांच्या चरित्रांतील दोन मोठे प्रसंग घडले ते मुंबईच्या एका उतारूगृहांत. क्रॉफर्ड मार्केटाजवळ, तेव्हांच्या कारनाक रोडवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली अनेकमजली इमारत म्हणजेच हें सरदारगृह. भोंवतीं व्यापारी पेठ, बोरीबंदर जवळ आणि पोलीस कमिशनरची कचेरी तर हांकेच्या अंतरावर! परगांवचा माणूस येथें उतरे, काम उरकी आणि परत जाई.

२४ जून १९०८ रोजीं 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना येथेंच अटक झाली. २२ जुलैस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हां गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप केला. मंडालेहून सुटल्यावरही मुंबईंत त्यांचा मुक्काम येथेंच पडे. जुलै १९२० मध्यें ते याच बिऱ्हाडीं आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजीं मध्यरात्र उलटल्यावर त्यांचें देहावसान झालें. अंत्यदर्शनासाठीं लोटलेल्या जनसमुदायास दिसावा म्हणून त्यांचा देह बसत्या स्थितींत सज्जांत ठेवण्यांत आला. पुढें गिरगांव चौपाटीच्या वाळूंत अग्निसंस्कार झाला. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. त्याच दिवशीं असहकारितेची चळवळ सुरू झाली.

रत्नागिरीचें जन्मघर स्मारक म्हणून जपलें गेलें, हें योग्यच झालें. जन्मघराला घराण्याची माया असते. उतारूगृहाला ती कोठून असणार? रोज नवा माणूस येतो, चादर बदलते, जुना मुक्काम पुसला जातो. तरीही राष्ट्राच्या पुढाऱ्यानें अखेरचा श्वास घेतला तो भाड्याच्या खोलींत, आणि शहरानें त्याला निरोप दिला तो तिच्याच सज्जाखालीं उभें राहून. ज्या वास्तूला वारस नसतो, तिची आठवण राखणें हें त्या शहराचेंच कर्तव्य ठरतें.