गुंठा, आर आणि तोळा



१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्याने वजनमापेही बदलली आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. जे गेले त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक. नाव एकच आणि वजनात जवळजवळ तिपटीचे अंतर! अशा मापांत अडाणी शेतकऱ्याला नाडणे किती सोपे होते, हे सांगायला नको.

तागडी बदलली, जीभ मात्र बदलली नाही. लुगडे नऊवारीच राहिले. मुलाची उंची आपण फूट-इंचांत सांगतो, वाळू ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी घेतो. घरात ताप शंभरावर जातो आणि वर्तमानपत्रात ऊन चाळीसवर. दोन्ही अंश निराळे, पण कोणाचा घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो जमिनीत. ‘गुंठा’ हा शब्द कानाला अस्सल देशी वाटतो, परंतु त्याचे माप इंग्रजी फुटाला जखडलेले आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १०७६.४ चौरस फूट. दोन्ही आकडे इतके शेजारचे, की बोलताना आरालाच सर्रास गुंठा म्हटले जाते. गुंठ्यामागे साडेबारा चौरस फुटांचा फरक, तो कोण पाहतो? पण उताऱ्यावरचे ४० आर वाचून जो पुऱ्या एकराचे पैसे मोजतो, त्याच्या पदरी सुमारे ५०४ चौरस फूट जागा कमी पडते. शहरालगत तेवढ्यात दोन खोल्यांचे घर उभे राहते. यात विकणाऱ्याने लबाडी केलेली असतेच असे नाही. अनेकदा तोही आर आणि गुंठा एकच समजत असतो.

सोन्याची गोष्ट याहून नाजूक. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफपेठेत तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. समजा, एखाद्या आजीने लिहून ठेवले, की पाच तोळ्यांच्या पाटल्या थोरल्या सुनेला आणि पाच तोळ्यांचा गोफ धाकटीला. पाटल्या तिच्या लग्नातल्या, १९५० च्या. गोफ १९९० चा. काट्यावर पाटल्या ५८ ग्रॅमच्या वर भरतात आणि गोफ ५० वर थांबतो. आजीने आपल्या परीने समसमान वाटणी केलेली असते, पण ते सांगायला ती हयात नसते. दोघी जावा एकमेकींकडे पाहत राहतात.

म्हणून वाटणीपत्रात तोळ्यांशेजारी ग्रॅम लिहावेत आणि खरेदीखतात गुंठ्यांशेजारी चौरस मीटर. सही होण्यापूर्वी, मोजणी करून.