संप त्यांचा, प्रश्न आपला



४ जानेवारी २०२३ आठवून बघा. मध्यरात्रीपासून राज्यातले वायरमन, ऑपरेटर, इंजिनिअर संपावर गेले. संप ७२ तासांचा होता. सरकारने मेस्मा लावला, तरी तीसच्या आसपास संघटना एकत्र राहिल्या. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत बैठक झाली, तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे खासगीकरण करणार नाही असे त्यांनी सांगितले आणि संप मागे घेतला गेला.

हे भांडण पगारवाढीचे नव्हते. अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या भागात वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला होता. त्याला हा विरोध होता.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या परवान्याशी धुळ्याच्या मोहल्ल्याचा काय संबंध? संबंध बिलात आहे. मोठे कारखाने, मॉल जास्त दर भरतात, म्हणून शेतपंपाचा आणि गरिबाच्या घराचा दर खाली राहतो. भरपूर पैसे देणारे ग्राहक खासगी कंपनीकडे गेले, तर महावितरणकडे आपण उरणार आणि बोजाही आपल्यावरच येणार.

जळगावने हा प्रयोग पाहिला आहे. २०११ मध्ये तिथले वीज वितरण क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे फ्रँचायझी म्हणून गेले. २०१५ मध्ये महावितरणने ते परत घेतले. औरंगाबाद आणि नागपूरलाही फ्रँचायझी टिकली नाही. भिवंडीत ती २००७ पासून आहे. मालेगाव आणि मुंब्र्यात २०२० मध्ये आली. कारण दिले जाते गळती आणि थकबाकीचे. म्हणून आकडा टाकणे बंद करणे आणि बिल वेळेवर भरणे हीसुद्धा या लढाईतली आपली बाजू आहे. ती आपण टाळू नये.

आता नोकरीचे बोलू. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की रेल्वेत मुसलमान फक्त ४.५ टक्के आहेत. म्हणजे दार आधीच अरुंद आहे. तरी सरकारी भरतीत यावल-रावेरचा तडवी मुलगा अनुसूचित जमातीतून आणि पिंजारी, बागवान घरातली मुलगी ओबीसीतून अर्ज करू शकते. तीच जागा ठेकेदाराकडे गेली की आरक्षण संपले. मग यादी ठेकेदाराची, ओळखही त्याचीच.

कुणी म्हणेल, "वायरमन तर फोनच उचलत नाही, त्याच्यासाठी आम्ही का उभे राहायचे?" राग खरा आहे. पण जागा रिकाम्या ठेवल्या आणि एकाच माणसावर कितीतरी गावे टाकली, तर तो कुठेकुठे पोहोचेल? भरती करा, ही मागणी त्याची आहे, तशीच आपलीही आहे.

संघटनांनाही एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कंत्राटी पोरगा त्याच खांबावर चढतो, तोच धोका घेतो, पण पगार आणि सुरक्षा तीच नाही. त्याला बरोबर घेतल्याशिवाय तुमची लढाई पूर्ण होणार नाही.

आपले काम काय? पुढच्या वेळी वीज कार्यालयाच्या गेटवर सभा असेल, तर तिथे जा. भाषण ऐका, प्रश्न विचारा. तुमच्यापैकी ज्यांना सरकारी नोकरी लागेल, त्यांनी पहिल्या महिन्यातच युनियनचे सभासद व्हा. आपण नेहमी आपल्याच प्रश्नांवर मोर्चे काढतो अशी तक्रार असते. वीज सगळ्यांची आहे. या रांगेत आपणही दिसलो पाहिजे.

जय संविधान.