शिकागोचे तीन दिवस



आज आपल्यापैकी बऱ्याच घरांतलं एखादं मूल अमेरिकेत आहे. आपण भेटायला गेलो की शहर दाखवायला त्याला रजा मिळते जेमतेम तीन दिवसांची. मग ते धावपळीत वीस ठिकाणं दाखवतं आणि आई-बाबा दुखरे गुडघे लपवून ‘छान, छान’ म्हणत राहतात.

आई-बाबांसह शिकागोला जायचं ठरलं, तेव्हा आम्ही घरी दोनच नियम केले. प्रत्येकानं आपलं एक ठिकाण सांगायचं आणि दिवसाला शहराचा एकच भाग पाहायचा.

बाबांनी आर्ट इन्स्टिट्यूट सांगितलं. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद त्याच इमारतीत बोलले होते. शेजारीच मिलेनियम पार्क. तिथलं आरशासारखं ‘क्लाउड गेट’ मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. पहिला दिवस तेवढ्यासाठीच.

मुलांनी ११० मजली विलिस टॉवर निवडला. त्याचे रचना-अभियंते ढाक्याचे फझलुर खान. आईला मात्र बसल्या बसल्या शहर पाहायचं होतं. तिसऱ्या दिवशी नदीतली बोट! दोन्ही काठांच्या उंच इमारती आपणहून समोर येतात, पायांना त्रास नाही.

तेव्हा तिकिटं काढण्याआधी संग्रहालयांचे बंद दिवस पाहा आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारा. ज्येष्ठांनाही विनंती, ‘तुम्ही न्याल तिथे’ एवढं म्हणून थांबू नका. मनातलं एक ठिकाण सांगाच.

गणपती बाप्पा मोरया!