ढग दिसले, की काठ



भीमेवरचा उजनी जलाशय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.
सकाळी पाणी कसं निवांत असतं!
पण मे महिन्यातली दुपार कलली, की वळवाचे ढग भरून येतात.
आणि पावसाच्या आधी येतो… तो वारा.

21 मे 2024 च्या संध्याकाळी असंच झालं.
कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली.
सहा जणांचा जीव गेला.

तलावाच्या लाटा त्या काय, असं आपण म्हणतो.
पण मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब धावतो, तितकी लाट चढते.
त्यात या लाटा आखूड आणि उभ्या.
एकीतून सावरतो न सावरतो, तोच दुसरी आदळते.
होडीत पाणी शिरतं.
माणसं घाबरून एका बाजूला सरकतात…
आणि होडी कलते.

म्हणून ढग दिसले, की काठ गाठा.
जवळचा काठ. ठरलेला नव्हे.
पलीकडे पाहुणे वाट पाहत असतील, तर पाहू द्या!

वाऱ्यात सापडलातच, तर उभं राहू नका.
होडीच्या तळाशी, मधोमध बसा.
नावाड्यानं लाट कुशीवर घेऊ नये.
तोंड लाटेकडे, किंचित तिरपं. वेग कमी.

लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे.
पट्टे आवळलेले हवेत.

पुन्हा सांगतो… ढग दिसले, की काठ.

आणि होडी उलटलीच, तर तिला धरून राहा.
काठ वाटतो तितका जवळ नसतो.
उलटलेली होडी बहुतेकदा तरंगते,
आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा ती आधी दिसते.