पायऱ्यांचे गुण
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि 1996 च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'आयटीतली वीस वर्षं' हा विषय दिला होता. त्यांची माफी मागून मी दुसरंच बोलणार आहे. सकाळपासून तुमच्यातल्या पाच-सहा जणांनी विचारलं, "बाबा कसे आहेत गं?" शाळेसमोरच्या पोस्टात खिडकीवर बसणारे माझे बाबा तुम्हाला आठवतात, याचं फार बरं वाटलं.

बाबा एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. त्यांना दोन दिवस ताप होता, पण ऑक्सिजन ठीक होता. त्या रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मी पुण्यात, ऑफिसच्या कॉलवर होते. आमचं रिलीज होतं. मी फोन कट केला आणि 'नंतर करते' असा मेसेज टाकला. पहाटे त्यांना दम लागला, दवाखान्यात हलवलं. नंतर बोलणं झालंच नाही. सहाव्या दिवशी ते गेले.

पुढची दोन वर्षं मी सगळी कामं केली. बढतीही मिळाली. पण फोन वाजला की छातीत धडधडायचं. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. मुलावर विनाकारण ओरडायचे. आणि आईला फोन करणं टाळायला लागले. ती त्या रात्रीबद्दल बोलली तर काय, ही भीती.

नवरा म्हणाला, "कुणाशी तरी बोल. ऑनलाइनही समुपदेशक असतात." मी म्हटलं, "मला काय वेड लागलंय?" हे बोलणारी मी इंजिनिअर, बरं का!

शेवटी सुरुवात केली. घरात सासूबाई, मुलगा, नवरा. दार लावून बोलावं अशी जागा नाही. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी पार्किंगमध्ये, गाडीत बसून बोलायचे. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर घेतला. बोलणं गुप्त राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरच्यांना कळवावं लागेल, हेही सांगितलं. मी त्यांचं शिक्षण विचारलं, तेही त्यांनी न रागावता सांगितलं. झोपेसाठी मात्र त्या म्हणाल्या, "मी औषध देऊ शकत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." काही महिने मी गोळ्याही घेतल्या.

पहिले तीन गुरुवार मी ऑफिसचा रिपोर्ट द्यावा तशी बोलले. चौथ्या वेळी वाक्य बाहेर पडलं, "मी फोन घेतला असता तर बाबा वाचले असते." आजवर हे ज्यांना थोडंफार सांगितलं होतं ते सगळे म्हणाले होते, "छे, असं काही नसतं." मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वही घ्या. त्या रात्री साडेनऊला तुम्हाला काय काय माहीत होतं, ते एकाखाली एक लिहा."

मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. नुसतं उत्तर लिहिलं की त्या वही परत करायच्या. पायऱ्यांना गुण असायचे. मी दोन वर्षं नुसतं उत्तर घेऊन बसले होते. पायऱ्या लिहिल्यावर दिसलं, की फोन घेतला असता तरी ती पहाट टळली नसती. पण आमचं बोलणं झालं असतं. ते राहिलं, हे खरंच. मॅडम म्हणाल्या, "तो गुन्हा नाही, ते दुःख आहे. ते राहील. त्याला शिक्षा देऊ नका."

मग गृहपाठ मिळाला: आईशी त्या रात्रीबद्दल बोलायचं. दीड महिना मी तो टाळला. शेवटी इथे येऊन, स्वयंपाकघरात तिच्याशेजारी भाजी निवडत विचारलं. बाबांनी फोन का केला होता, तिलाही माहीत नव्हतं. "तुझा मेसेज मला वाचून दाखवला आणि झोपले," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "त्यांना बाजारात मीच पाठवलं होतं गं."

दोन वर्षं ती स्वतःच्या मनात तेच करत होती, आणि मी तिचा फोन टाळत होते. त्या दुपारी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो.

आजही साडेनऊला फोन वाजला की क्षणभर थबकायला होतं. पण मी उचलते.

आपण चाळिशी ओलांडलीय. या सभागृहात आणखीही कुणी असं काही मनात घेऊन बसलं असेल. खर्च परवडत नसेल, तर ऑक्टोबर 2022 पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे. नंबर 14416, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. आणि कुणाशीच नाही जमलं तर मला फोन करा. कॉलवर असले तरी घेईन.

बाबांबद्दल विचारत राहा. मला आवडेल.