बाळाची दुपटी आणि डांबरगोळ्या



मे संपत आला की आपल्या कर्जत-खालापूरकडे घरोघरी आवराआवर सुरू होते. लाकूडफाटा आत येतो, पापड-कुरडया डब्यात जातात. राहते ती कपड्यांची पेटी. एकदा पाऊस लागला की नवरात्रापर्यंत कापडाला धड ऊन मिळत नाही, म्हणून ती पेटी आत्ताच उघडायची.

कापड खाणारे दोघे जण. एक कसर, ती चंदेरी, चटकन पळणारी. तिला खळ आवडते, म्हणून खळ घातलेली सुती साडी खाते आणि आपल्या बचत गटाच्या वह्यासुद्धा! दुसरी, बारक्या पिवळट पतंगाची अळी. ही लोकर आणि रेशीम खाते. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही, पण कपड्यांत अंडी घालून जातो. घामाचे, तेलाचे डाग असले की अळीचं फावतं.

म्हणून औषधाआधी धुणं आणि ऊन. सुती कपडे, गोधड्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. घोंगडी काठीने झटका. रेशमी साडी मात्र सावलीत, वाऱ्यावर टाका आणि घडी बदला. कपडे गार झाले की मगच भरा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेलं बरं. पेटी भिंतीला न चिकटवता विटांवर ठेवा.

आता पोटली. कडुनिंबाचा पाला सगळ्यांना ठाऊक आहे, पण निरगुडी तर आपल्या ओढ्याकाठी, बांधावर उभीच असते. पाला सावलीत चुरचुरीत वाळवा. ओला राहिला तर पेटीत बुरशी येईल. त्यात वेखंडाचे तुकडे आणि ठेचलेल्या चार-पाच लवंगा घालून सुती फडक्यात बांधा आणि घड्यांच्या मधे ठेवा. वास गेला की पोटली बदला. या वासाने कीड लांब राहते, पण आत असलेली अळी मरत नाही, म्हणून ऊन चुकवून चालत नाही.

एवढा खटाटोप कशाला, डांबरगोळ्या टाकल्या की झालं, असं कुणी म्हणेल. मोठ्यांच्या कपड्यांचं एक वेळ सोडा. बाळाची दुपटी, टोपडी, झबली यांत त्या गोळ्या कधीच नकोत. त्यातलं नॅप्थलीन कापडात मुरतं आणि श्वासातून, कातडीतून बाळाच्या अंगात जातं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो. वरून पाहून ते कळत नाही. अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅप्थलीनने फुटतात, जोराची कावीळ होते. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली, बाळ दूध ओढेना, तर झाडपाला करत बसू नका. थेट दवाखान्यात न्या आणि गोळ्यांतले कपडे वापरल्याचं डॉक्टरांना सांगा.

कापूर चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. मोठ्यांच्या पेटीत, कपाट मुलांच्या हाताला लागत नसेल तर चालेल. लहान मुलाने कापूर खाल्ला तर झटके येतात. गोळ्या तर खडीसाखरेसारख्याच दिसतात!

ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, त्यांनी बाळंतविडा आजच बाहेर काढावा. गोळ्यांचा वास येत असेल तर कपडे धुऊन चार-पाच दिवस मोकळ्या उन्हात, वाऱ्यावर ठेवा. तरीही वास राहिला तर त्याची पायपुसणी करा आणि बाळासाठी मऊ जुन्या लुगड्याची नवी दुपटी शिवा.